दोशी : एका आडनांवाची कुळकथा आणि आपली सभासद-यादी

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेत करव्यवस्था, मालवाहतूक, बाजारपेठेची सुधारणा अशा निकडीच्या विषयांवर अधिकारी व्यक्तींचे लेख येत असतात. त्यांच्या पंक्तीत एका आडनांवाची चर्चा घेऊन बसणे कित्येकांस रिकामपणाचा उद्योग वाटेल. परंतु पेढीवरील पाटी, धनादेशावरील सही, चोपडीचे पहिले पान आणि मुलामुलींची लग्नपत्रिका या सर्वांवर आडनांव असतेच. ते रोज लिहावे लागते म्हणूनच बहुधा आपण त्याकडे कधी निरखून पाहत नाही. जुन्या व नव्या सभासद-याद्या शेजारी ठेवून चाळल्या म्हणजे मात्र एक गोष्ट डोळ्यांत भरते. आजोबांच्या नांवापुढे एक आडनांव, वडिलांच्या नांवापुढे दुसरे, आणि नातवाच्या नांवापुढे केवळ ‘जैन’, असा प्रकार आपल्या समाजांत वाढीस लागला आहे. कोणी हे धर्माभिमानाने करतो, कोणी सोयीसाठी, कोणी शाळेतल्या लेखनिकाने तसे लिहिले म्हणून. आमचे मत थोडक्यांत असे की, धर्म धर्माच्या रकान्यांत लिहावा आणि आडनांव आडनांवाच्या रकान्यांत. हे मत का झाले, ते ‘दोशी’ या एका आडनांवाच्या आधारे सांगण्याचा येथे विचार आहे.

दोशी हेच आडनांव का निवडले, याचेही कारण दिले पाहिजे. लेखक पाटील आहे, तेव्हा या प्रकरणी त्याचा कौटुंबिक स्वार्थ नाही. आपल्या सीमाभागांतील जैन समाजांत पाटलांची वाण कधीच नव्हती. चौगुले, मगदूम, देसाई, उपाध्ये, शेट्टी हीही मंडळी गांवोगांव भेटतात. या आडनांवांना धोका नाही. शेतीवाडीशी, वतनाशी, बस्तीच्या पूजेशी ती बांधलेली आहेत आणि त्या त्या गांवची माणसे ती विसरू देत नाहीत. दोशी हे आडनांव मात्र बेळगांव, निपाणी, चिकोडीच्या बाजूस विरळच. ज्यांच्याकडे ते आहे त्यांची घरे व्यापाराच्या निमित्ताने दुरून आलेली, भाऊबंद मागे राहिलेले. त्यांनी ते सोडले तर आठवण देणारे शेजारी कोणी नाही. विरळ वस्तूचा हिशेब आधी ठेवावा, हा आपला व्यापाऱ्यांचाच नियम आहे.

मराठी कानाला हे आडनांव प्रथम खटकते, कारण ‘दोषी’ या शब्दाशी त्याचे ध्वनिसाम्य आहे. वर्गांत मुले थट्टा करतात, आणि कित्येक आईबापांना मुलाचे आडनांव बदलावेसे वाटू लागते ते येथूनच. वस्तुतः या दोन शब्दांचा अर्थाने कांहीही संबंध नाही. संस्कृतांत ‘दूष्य’ म्हणजे वस्त्र, विशेषतः सुती कापड व त्याचा तंबू. दूष्याचा व्यापार करणारा तो ‘दौष्यिक’. प्राकृतांत जोडाक्षर मऊ होऊन त्याचे ‘दोस्सिअ’, ‘दोसिय’ असे रूप झाले आणि पुढे गुजराती-राजस्थानी बोलींत ‘दोसी’ उरले. ‘इ’काराच्या पूर्वी ‘स’चा ‘श’ होणे ही गुजरातीची खोड आहे, तशी मराठीचीही आहे. आपण ‘म्हैस’ म्हणतो पण अनेकवचनी ‘म्हशी’ म्हणतो, ते याच नियमाने. तसाच ‘दोसी’चा ‘दोशी’ झाला. राजस्थानांतील पुष्कळ घराणी आजही ‘दोसी’ असेच लिहितात आणि ते मूळ रूपाला अधिक जवळचे आहे. तात्पर्य, दोशी म्हणजे कापडवाला. पोटफोड्या ‘ष’ त्यांत लिहिणे हे केवळ अशुद्ध नव्हे, तर एका प्रतिष्ठित धंद्याच्या नांवावर आरोप ठेवण्यासारखे आहे!

कापड विकणाऱ्याला आपल्या देशांत किती भाषांनी किती नांवे दिली, हे पाहण्यासारखे आहे. दूष्यावरून दोशी झाला, गुजरातेत कापडावरून कापडिया झाला, आणि अरबींतील ‘बज्जाज’ या कापडविक्याच्या नांवावरून बजाज झाला. कानडींत कापडाला जवळी म्हणतात. हुबळीची ‘जवळी साळ’ ही कापडपेठ आपल्यापैकी अनेकांच्या खरेदीची जागा आहे. तीन भाषांतून आलेली तीन आडनांवे आज एकाच रस्त्यावर समोरासमोर दुकाने मांडून बसलेली असतात, आणि तिघांनाही आपण एकाच अर्थाचे नांव धारण करीत आहो याची वार्ता नसते. त्यांत ‘दोशी’ हे सर्वांत जुने दिसते. पालि भाषेत वस्त्राला ‘दुस्स’ म्हणतात व कापडाच्या व्यापाऱ्याला ‘दुस्सिक’. मिलिंदपञ्ह या ग्रंथांत नगरांतील व्यावसायिकांच्या यादीत हा दुस्सिक आढळतो.

आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा दाखला श्वेतांबर आगमांतील प्रज्ञापना या ग्रंथाचा आहे. हा ग्रंथ आर्य श्याम यांचा मानला जातो. मनुष्यांचे वर्गीकरण करताना त्यांत आर्यांचे अनेक प्रकार सांगितले आहेत. क्षेत्राने आर्य, जातीने आर्य, कुळाने आर्य, तसेच कर्माने आर्य आणि शिल्पाने आर्य. कर्माने आर्य कोण, याची जी यादी ग्रंथकार देतो तिच्या आरंभीच दोसिय म्हणजे कापडाचे व्यापारी येतात. त्यांच्या पाठोपाठ सुताचे व कापसाचे व्यापारी आणि भांडी विकणारे येतात. शिल्पार्यांत शिंपी व विणकर यांची नांवे आहेत. धंद्यावरून माणसाला आर्यत्व देणारी ही यादी ज्या परंपरेने जपली, त्या परंपरेतील माणसाने धंद्याचे नांव लाजून टाकावे, हे विपरीत नव्हे काय? आपल्यापैकी बहुसंख्य सभासद दिगंबर आहेत आणि प्रज्ञापना त्यांच्या मान्य आगमांत येत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु येथे प्रश्न सिद्धांताचा नाही, शब्दाच्या वयाचा आहे; आणि त्या बाबतींत हा साक्षीदार दोन्ही पक्षांनी मान्य करावा असाच आहे.

धंद्याचे नांव कुळाचे नांव केव्हा झाले? याचा माग ग्रंथांपेक्षा धातूच्या मूर्तींवर चांगला लागतो. गुजरात-राजस्थानांतील मंदिरांत पंधराव्या-सोळाव्या शतकांतील पंचधातूच्या लहान लहान जिनमूर्ती हजारोंनी आहेत. त्यांच्या पाठीमागे संवत्, तिथी, ज्ञाति, मूर्ती करविणाऱ्याचे व त्याच्या आईबापांचे, पत्नीचे नांव, आणि प्रतिष्ठा करणाऱ्या आचार्यांचे नांव कोरलेले असते. जागा इतकी थोडी की कोरणाऱ्याने नांवापूर्वीची बिरुदे आद्याक्षरांनीच उरकली आहेत. ‘श्रे.’ म्हणजे श्रेष्ठी, ‘सा.’ म्हणजे साह, ‘व्य.’ म्हणजे व्यवहारी, ‘मं.’ म्हणजे मंत्री, ‘सं.’ म्हणजे संघपति, आणि ‘दो.’ म्हणजे दोसी. आज आपल्या घरांतून दिसणारे शेठ, शहा, वोरा, संघवी, दोशी हे सर्व त्या मूर्तींच्या पाठीवर अगोदरच ओळीने उभे आहेत. त्या काळी ही नांवापूर्वी येणारी ओळख होती. पुढे ती नांवानंतर जाऊन आडनांव झाली. मूर्तीचा पुढचा भाग आपण रोज पाहतो, अभिषेक करतो. मागची बाजू वाचणारा शंभरांत एखादा. आपल्या ज्या सभासदांच्या घरी वडिलोपार्जित धातुमूर्ती असतील त्यांनी एकदा ती ओळ कोणा जाणकाराकडून वाचून घ्यावी, असे जाता जाता सुचवितो.

या आडनांवाचा सर्वांत कीर्तिमान् पुरुष चित्तोडचा कर्माशाह होय. शत्रुंजय पर्वतावरील आदीश्वराच्या मुख्य मंदिराचा उद्धार त्याने संवत् १५८७ म्हणजे सन १५३१ मध्ये करविला. तेथील शिलालेखांत व तत्कालीन प्रबंधांत त्याची हकीकत आहे. तो ओसवाल ज्ञातीचा, तोलाशाहचा पुत्र, आणि परंपरेने कापडाचा मोठा व्यापारी म्हणून प्रसिद्ध. गुजरातचा सुलतान बहादुरशाह हा राज्यावर येण्यापूर्वी चित्तोडला आला असता कर्माशाहशी त्याचा संबंध जुळला आणि त्या ओळखीचा उपयोग पुढे उद्धाराची परवानगी मिळविण्यास झाला, असे सांगतात. आम्हांला येथे लक्ष वेधावयाचे आहे ते त्याच्या नांवाकडे. त्याला ‘दोसी कर्मा’ही म्हणतात आणि ‘कर्माशाह’ही म्हणतात. ‘शाह’ हा मान आहे. ‘साधु’ या शब्दावरून साहु, साह अशी त्याची उतरंड लागते, आणि सचोटीचा सावकार हा त्याचा अर्थ. ‘दोसी’ हा धंदा आहे. एकाच माणसाच्या नांवांत मान आणि धंदा दोन्ही सुखाने नांदत होते.

पुढील काळांत हे सुख टिकले नाही. मान सर्वांनाच हवा असतो, आणि धंदा एकेकाचाच असतो. शाह हे बिरुद कोणत्याही वाण्याला लावता येई, म्हणून ते पसरत गेले आणि पारेख, घिया, नाणावटी, दोशी अशी नेमकी नांवे त्याच्या पोटांत गडप झाली. महाराष्ट्रांत येता येता ‘शाह’चे ‘शहा’ झाले. आज मुंबईपासून सोलापूरपर्यंत कोणत्याही बाजारांत शहांची मोजदाद करणे कठीण. नाणी पारखणारा तो पारेख (परीक्षक), नाण्यांचा व्यवहार करणारा तो नाणावटी, कोठारावर असणारा तो कोठारी, सुगंधी व किराणा माल विकणारा तो गांधी; मथुरेच्या कंकाली टेकडीवरील कुषाणकालीन जैन शिलालेखांत ‘गंधिक’ आहेच. या प्रत्येक नांवांत आपल्या पूर्वजांच्या दुकानांतील माल दिसतो. शहा या नांवांत केवळ दुकान दिसते, माल दिसत नाही. आणि जैन या आडनांवांत तर दुकानही दिसत नाही.

आता हे आडनांव आपल्या प्रदेशांत कसे आले, ते पाहूं. गुजरातेतील व्यापारी दक्षिणेत येणे ही इंग्रजी अमदानीतील गोष्ट आहे, अशी समजूत रूढ आहे. बेळगांवकरांनी तरी ती बाळगू नये. आपल्या किल्ल्यांतील कमल बस्ती रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने १२०४ च्या सुमारास बांधविली, आणि त्या बस्तीशी संबंधित शिलालेखांत वेणुग्रामांत जमलेल्या व्यापाऱ्यांमध्ये लाळ म्हणजे लाट देशाच्या व्यापाऱ्यांचाही उल्लेख आहे. लाट म्हणजे दक्षिण गुजरात. आठशे वर्षांपूर्वी आपल्या पेठेत गुजराती व्यापारी बसत होता आणि बस्तीच्या देणगीत भागीदार होत होता. तो दोसी होता असे आम्ही म्हणत नाही. वाट मात्र तेव्हापासूनची आहे.

दोशी घराण्यांचा मराठी मुलुखांतील मुख्य वास म्हणजे सोलापूर, फलटण, बारामती, अकलूज, नातेपुते हा पट्टा. येथील दोशी बहुतेक हुमड ज्ञातीचे व दिगंबर आम्नायाचे; ईडर व वागड, म्हणजे गुजरात-राजस्थानच्या सीमेवरचा डोंगराळ भाग, हे हुमडांचे जुने स्थान. डुंगरपूर, बांसवाडा, प्रतापगड या बाजूस हुमडांतील दोसी आजही आहेत. सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी यांनी गेल्याच्या आधीच्या शतकांत, १८८० नंतरच्या दशकांत, ‘जैन बोधक’ हे मासिक काढले. मराठी जैन पत्रसृष्टीची ती सुरुवात मानावयास हरकत नाही. सोलापूरचेच रावजी सखाराम दोशी यांनी जैन ग्रंथांच्या प्रकाशनाला वाहून घेतले होते. आणि शेठ वालचंद हिराचंद यांचे नांव कोणाला सांगावयास नको. १८८२ साली सोलापुरांत जन्मलेल्या या पुरुषाचे घराणे सौराष्ट्रांतील वांकानेरचे, आडनांव दोशी. १९१९ मध्ये सिंदिया जहाज कंपनी, १९४० मध्ये बंगलोरचा विमानाचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणची जहाजगोदी, असे एकेक धाडस त्यांनी केले आणि १९५३ साली ते निवर्तले. पण त्यांचे आडनांव दोशी होते, हे ऐकून आज पुष्कळांना आश्चर्य वाटते! इंदापूर तालुक्यांत वालचंदनगर आहे, सांगलीस वालचंद महाविद्यालय आहे. दोशी हा शब्द कोठेही नाही. याउलट बेळगांवांत ज्यांच्या उद्योगाचा पाया घातला गेला त्या किर्लोस्करांनी १९१० साली आपली वसाहत वसविली तिला किर्लोस्करवाडी असे नांव पडले आणि आडनांव नकाशावर गेले. गुजराती रीतीने स्वतःचे व वडिलांचे नांव एवढेच पेढीवर लावण्याचा हा परिणाम. त्या रीतीला दोष देण्याचे कारण नाही. पण ती आडनांव गिळते, हे ध्यानांत असावे.

आज दोशी किती, असे कोणी विचारील. भारत सरकारची जनगणना आडनांवांची कोष्टके छापीत नाही. त्यामुळे आकडा सरकारी ग्रंथांत सांपडणार नाही. सांगता येते ते एवढेच की सौराष्ट्र, अहमदाबाद व मुंबई ही या आडनांवाची दाट वस्तीची ठिकाणे आहेत. अहमदाबादेत दोशीवाडानी पोळ हा जुना मोहल्ला अद्याप त्याच नांवाने ओळखला जातो. तेथून पूर्व आफ्रिकेत, आणि १९७२ साली युगांडांतून आशियाई लोकांची हकालपट्टी झाल्यावर ब्रिटनमध्ये, अशी त्याची एक शाखा गेली. गुजरातेत जे आडनांव सहज भेटते ते घाट उतरून कृष्णेच्या दक्षिणेस आले की दुर्मिळ होते. विरळपणा हा असा स्थळसापेक्ष असतो.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. दोशी हे नांव केवळ जैनांचे नाही, आणि जैनांतही एका पंथाचे नाही. सन्मतितर्काच्या संपादनांत पंडित सुखलालजींचे सहकारी असलेले प्राकृतपंडित बेचरदास जीवराज दोशी हे सौराष्ट्रांतील श्वेतांबर, सोलापूरचे दोशी दिगंबर, कर्माशाह ओसवाल, आणि २०१८ साली वास्तुकलेचे प्रित्झ्कर पारितोषिक मिळविणारे पहिले भारतीय बाळकृष्ण दोशी, ज्यांचा जन्म १९२७ साली पुण्यांत झाला व जे २०२३ मध्ये निवर्तले, ते वैष्णव कुटुंबांतील. ३३ कसोटी सामन्यांत ११४ बळी घेणारे फिरकी गोलंदाज दिलीप दोशी राजकोटचे. ज्ञाति निराळ्या, पंथ निराळे, देवघरे निराळी. पण कधी काळी या सर्वांचे पूर्वज गजाने कापड मोजीत होते, ही एक गोष्ट समान. आपल्या समाजाच्या ऐक्यासाठी सर्वांनी ‘जैन’ लिहावे असे म्हणणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा. श्वेतांबर-दिगंबर, ओसवाल-श्रीमाळी-हुमड हे भेद ओलांडण्याचे काम या धंद्याच्या आडनांवांनी कित्येक शतके निमूटपणे चालविले आहे. ती पुसून ऐक्य अधिक होईल, असे मानण्यास आधार दिसत नाही.

प्रतिपक्षाचे म्हणणे मात्र न्यायाने मांडले पाहिजे. उत्तर हिंदुस्थानांत अनेक घराण्यांनी पिढ्यानुपिढ्या ‘जैन’ हेच आडनांव चालविले आहे. परवार, खंडेलवाल, अग्रवाल हे पोटभेद नांवांतून कळू नयेत, हा त्यांतील सुधारणेचा हेतु स्तुत्य होता आणि तो बहुतांशी साधलाही. अशा कुटुंबांनी आता मागे जावे असे कोणी म्हणणार नाही. त्यांचे तेच आडनांव झाले. दुसरे म्हणणे संख्येचे. आपल्या भागांतील शेतकरी जैनांची गणना पूर्वी पुष्कळदा हिंदूंत होत असे, म्हणून समाजाच्या पुढाऱ्यांना ‘धर्म जैन लिहा’ असा प्रचार करावा लागला, आणि त्याची गरज अद्यापि संपलेली नाही. २०११ च्या जनगणनेत भारतांत ४४,५१,७५३ जैन नोंदले गेले. पैकी महाराष्ट्रांत १४,००,३४९ व कर्नाटकांत ४,४०,२८०. हे आकडे खऱ्याहून कमी आहेत अशी आपल्या मंडळींची तक्रार असते. परंतु ही गणना धर्माच्या रकान्यावरून होते. त्या वेळच्या प्रश्नपत्रिकेत जैन धर्मासाठी ६ हा स्वतंत्र अंक होता. २०१४ साली राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून जी मान्यता मिळाली तीही धर्माला, आडनांवाला नव्हे. आगामी जनगणना २०२७ साली व्हावयाची आहे. गणक दारांत येईल तेव्हा पाटलाने, दोशीने, शहाने आपला धर्म ‘जैन’ असे स्पष्ट सांगावे आणि लिहिलेले तपासावे. आडनांवाच्या बलिदानाने त्या आकड्यांत एकाचीही भर पडत नाही.

तिसरे कारण सोयीचे, आणि व्यापाऱ्यांपुढे तेच बोलले पाहिजे. आडनांव बदलणे सोयीचे नाही, गैरसोयीचे आहे. बापाच्या पॅनकार्डावर दोशी, मुलाच्या आधारपत्रावर जैन, आणि पेढीच्या नोंदणीत केवळ दोघांची नांवे, अशा घरांत वारसाचा किंवा भागीदारी बदलण्याचा प्रसंग आला म्हणजे शपथपत्रे, राजपत्रांतील जाहिराती आणि बँकेतील हेलपाटे यांत किती महिने जातात, हे भोगणाऱ्यांना विचारावे. आमच्या परिचयाच्या एका घरांत तर शाळेच्या दाखल्यावर ‘दोशी’चे ‘जोशी’ झाले होते. ते दुरुस्त करण्यापेक्षा ‘जैन’ लिहून टाकणे सोपे, असा सल्ला एका लेखनिकाने दिला. तो सल्ला मानला असता तर त्या मुलाच्या कागदोपत्री तीन आडनांवे झाली असती! आईने हट्ट धरला आणि ‘दोशी’ परत आणले. हे श्रेय तिचे.

आडनांवे आपोआपही मरतात, ही गोष्ट निराळी. इंग्रज शास्त्रज्ञ गाल्टन व गणिती वॉटसन यांनी १८७४ साली या प्रश्नाचे गणित मांडले होते. ज्या समाजांत आडनांव केवळ पुत्रांकडून चालते, तेथे कोणाचा कांही अपराध नसताही पिढ्यांमागून पिढ्या कांही आडनांवे संपत जातात. एका घरी मुलगे होत नाहीत, दुसऱ्या घरी मूलच होत नाही. मोठ्या आडनांवाला हा तोटा जाणवत नाही, लहानाला जाणवतो. एकुलत्या एका मुलीच्या घरांची संख्या आपल्या समाजांत वाढली आहे, तेव्हा हा तोटा पुढे वाढणारच. दैवाने जे नेले ते नेले. पण उरलेल्यांपैकी आपण होऊन टाकावे, यांत शहाणपण कोणते? एकुलत्या मुलीच्या घरचे आडनांव जपावयाचे तर आईकडच्या नोंदीला महत्त्व दिले पाहिजे. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नांवांत आईचे नांव लावणे आवश्यक केले, हे योग्य झाले. पण तेथेही आईचे माहेरचे आडनांव येत नाही. गुजरातेतील वाणी घराण्यांच्या वंशावळी वहीवंचा बारोट पिढ्यानुपिढ्या लिहीत आले. त्यांच्या वह्यांतही पुरुषांचीच रांग मुख्य असते. आपल्या संघाला त्याहून अधिक कांही करता येईल.

सूचना साधी आहे. पुढील स्मरणिकेसोबत सभासदांची जी यादी छापली जाईल तींत आजच्या नांवपत्त्याशेजारी थोडे रकाने वाढवावे : आजचे आडनांव, आजोबांच्या काळी ते निराळे असल्यास ते, घराण्याचे मूळ गांव, आजोबांचा अथवा पणजोबांचा धंदा, आणि गृहिणीचे माहेरचे आडनांव. ज्यांनी ‘जैन’ हेच आडनांव स्वीकारले आहे त्यांनीही दुसरा रकाना भरावा. त्यांना कोणी आजचे नांव बदलावयास सांगत नाही. छपाईला दहापंधरा पाने अधिक लागतील, तो खर्च दोन जाहिरातींत निघेल. सोलापूर, फलटण, इंदूर, बडोदे, हैद्राबाद येथील आपल्यासारख्या संघांनी हेच केले तर या प्रदेशांत दोशी, पारेख, घिया, नाणावटी यांपैकी कोण किती उरले, याचे पहिले विश्वसनीय कोष्टक व्यापाऱ्यांच्याच हातून तयार होईल.

दिवाळीच्या वहीपूजनास सर्व कुटुंब पेढीवर एकत्र असते आणि वडीलधारी मंडळीही आलेली असतात. त्या दिवशी नव्या चोपडीसोबत ही नोंदही भरून घ्यावी. ‘मूळ गांव’ हा रकाना मुलांनी आजीआजोबांना विचारून भरावा, आणि ‘माहेरचे आडनांव’ हा रकाना कोणीही रिकामा सोडू नये.